फोन पतंग मोजतो, बोंड आपण फोडायचं



पोळा झाला, कपाशी फुला-बोंडावर आली. या दिवसांत ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्याइतकीच चर्चा बोंडअळीची असते. मागच्या बैठकीत एका ताईंनी फोन पुढे केला. फोटोत एक पांढरा कागद आणि त्यावर सापळ्यातून झटकलेले बारके तपकिरी पतंग. त्यांचा मुलगा म्हणाला होता, आता असा फोटो काढला की फोनच पतंग मोजतो आणि फवारायचं की थांबायचं ते सांगतो. शेजारी बसलेल्या आजी हसल्या, "फोनले काय समजस व माय!"

बैठकीत हसू झालं आणि विषय तिथेच राहिला. पण घरी आल्यावर माझ्या डोक्यातून जाईना. कारण फोनला खरंच थोडंफार समजतं, आणि आजींचं म्हणणंही खोटं नाही. फोनला काय समजतं, कसं समजतं आणि कुठे तो आंधळा असतो, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. आता कपाशीपुरताच हा प्रश्न राहिलेला नाही. अंगणवाडीत आहार घेतानाही कॅमेरा आला आहे आणि व्हॉट्सॲपवर तर आपण सगळ्या दिवसभर असतो.

आधी कपाशी

गुलाबी बोंडअळी आपल्या खान्देशला नवीन नाही. बीटी कपाशीचं वाण २००२ मध्ये आलं, दोन जनुकांचं बीजी-२ वाण २००६ मध्ये आलं, आणि काही वर्षं बोंडअळीचं नाव मागे पडलं. मग अळीला त्या विषाची सवय झाली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर जे झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. बाहेरून ठणठणीत दिसणारं बोंड, फोडलं की आत सडलेली सरकी आणि डागाळलेली रुई. वेचणीला गेलेल्या बाईला ते सगळ्यांच्या आधी कळतं. कवडीच जास्त निघाली की दिवसभर वाकून किलो भरत नाहीत, आणि मजुरी तर किलोवर असते.

या अळीची खोड अशी की अंड्यातून निघालेली बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि तिने पाडलेलं भोक नंतर बुजून जातं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून शेतात फिरून नुसत्या नजरेने अळी शोधणं अवघड, आणि कॅमेऱ्यालाही ती बोंडाच्या बाहेरून दिसणार नाही. मग शास्त्रज्ञांनी अळीऐवजी तिच्या बापाला पकडायचं ठरवलं. कामगंध सापळ्यात जी ल्यूर लावतो तिला मादी पतंगाचा वास असतो. रात्री नर पतंग त्या वासाने येतात आणि पिशवीत अडकतात. आज किती नर आले यावरून येत्या काही दिवसांत किती अंडी पडतील, किती अळ्या बोंडात शिरतील याचा अंदाज बांधता येतो. अंडी चार-पाच दिवसांत फुटतात. म्हणजे सापळा आपल्याला थोडी आधीच खबर देतो.

शिफारस अशी आहे: एकरी २ सापळे, पीक साधारण ४५ दिवसांचं झाल्यावर लावायचे. एका सापळ्यात रोज ८ किंवा जास्त पतंग असे सलग ३ रात्री आले, तर कीड नुकसानीच्या पातळीवर पोचली असं समजायचं. आता सांगा, रोज सकाळी सापळ्याची पिशवी सोडून पतंग मोजणारी घरं आपल्या गावात किती? स्वयंपाक, पाणी, गुरं, मुलांची शाळा. त्यात पिशवीत पतंगाबरोबर माश्या, मुंग्या, पानाचे तुकडेही असतात. कोणता पतंग गुलाबी अळीचा, कोणता दुसराच कुठला, हे ओळखायला नजर बसलेली लागते. कृषी सहायकाकडे किती गावं असतात ते आपल्याला माहीत आहेच.

ही अडचण डोळ्यांसमोर ठेवून मुंबईच्या वाधवानी एआय या ना-नफा संस्थेने 'कॉटनएस' नावाचं ॲप तयार केलं. ही संस्था २०१८ मध्ये सुरू झाली. कपाशीच्या या कामाला २०१९ मध्ये गूगलकडून २० लाख डॉलरचं अनुदान मिळालं. वापर सोपा ठेवला आहे. सापळा पांढऱ्या कागदावर रिकामा करायचा, फोटो काढायचा, ॲप पतंग मोजतं आणि काय करायचं तो सल्ला देतं. गावात नेटवर्क नसतं हे धरून ते साध्या फोनमध्ये, इंटरनेट नसतानाही मोजू शकेल असं बनवलं. शिवाय गावातल्या प्रत्येकाने फोटो काढावा अशी अपेक्षा नव्हती. काही शेतकऱ्यांनी सापळे सांभाळायचे आणि सल्ला आजूबाजूच्यांना सांगायचा, अशी ती रचना. आपल्या कृषी सखीला हे काम किती सहज जमेल बघा!

सरकारचंही यात काम आहे. २००८ मध्ये सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा मोठा हल्ला झाला, त्यानंतर २००९ पासून राज्यात क्रॉपसॅप या नावाने ठरलेल्या शेतांवर कीड पाहणी सुरू झाली. १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली. तिच्या ॲपमध्येही किडीचा फोटो टाकला की ओळख आणि सल्ला मिळतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने तर सापळ्यातच कॅमेरा बसवून पाहिला आहे, म्हणजे कागदावर झटकायचीही गरज नाही. आपल्या भागात सध्या कोणतं ॲप चालू आहे आणि त्यात कपाशी आहे का, हे कृषी सहायकांना विचारूनच ते फोनमध्ये घ्या. यूट्यूबवर कुणी लिंक दिली म्हणून घेऊ नका.

फोन शिकतो कसा

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. फोनला पतंग म्हणजे काय हे माहीत नसतं. त्याच्यासाठी फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. लाखो ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी एक आकडा. त्याला फक्त आकड्यांची जाळी दिसते.

घरात नवीन सून आली, तिला डाळ निवडायला बसवलं, तर आपण तिला खड्याची व्याख्या सांगत नाही. ताटात बोट दाखवतो: हा खडा, ही डाळ, हा खडा, ही किडकी. दहा-वीस वेळा दाखवलं की तिचं बोट आपोआप खड्यावर जातं. फोनलाही असंच शिकवतात, फक्त दहा-वीस वेळा पुरत नाही, हजारो फोटो लागतात. माणसं बसून प्रत्येक फोटोतल्या प्रत्येक पतंगाभोवती चौकट काढतात आणि सांगतात, हा गुलाबी अळीचा, हा दुसरा, ही मुंगी. यंत्र अंदाज करतं, चुकतं, चूक दाखवली की आतले आकडे थोडे हलवतं, पुन्हा अंदाज करतं. असं असंख्य वेळा केल्यावर नवा फोटो आला की 'हे त्या चौकटीतल्यासारखं दिसतंय' एवढं ते सांगू शकतं. 'सारखं दिसतंय' हा शब्द लक्षात ठेवा. यंत्राची सगळी हुशारी त्याच एका शब्दात आहे, आणि त्याच्या सगळ्या चुकाही.

यंत्र पक्कं हो किंवा नाही म्हणत नाही. आतल्या आत ते टक्क्यांत बोलतं: हा ठिपका ९० टक्के पतंग वाटतो, तो ४० टक्के. किती टक्क्यांच्या वर गेलं की पतंग म्हणून मोजायचं, हे बनवणारी माणसं ठरवतात. ही चाळणी आहे बघा. भोकं मोठी ठेवली तर गव्हाबरोबर खडेही खाली येतात. भोकं बारीक केली तर खड्यांबरोबर चांगला गहूही वर अडकतो. मधलं माप काढता येतं, पण एकही खडा येणार नाही आणि एकही दाणा जाणार नाही अशी चाळणी कुणी बनवलेली नाही.

म्हणजे चूक दोन तऱ्हेची. पतंग होते आणि फोनला दिसले नाहीत, तर आपण निवांत राहतो आणि अळी बोंडात शिरते. पतंग कमी होते आणि फोनने पानाचे तुकडेही मोजले, तर आपण नको असलेली फवारणी करतो. दुसरी चूक छोटी वाटते, पण ती छोटी नाही. २०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. फवारा पुरुषांच्या पाठीवर असतो, पण पंपाला पाणी कोण आणतं, औषधाने भिजलेले कपडे कोण धुतं? एक फवारणी वाचली तर पैसे वाचतातच, त्यासोबत हेही वाचतं.

यातल्या बऱ्याच चुका आपल्या हातात असतात. फोटो सकाळी काढा, पण उन्हात नको. झाडाच्या किंवा ओट्याच्या सावलीत चांगला उजेड असतो तिथे. आपलीच सावली कागदावर पडत असेल तर जागा बदला. कागद कोरा पांढरा हवा, वहीचा रेघांचा नको. पतंग एकावर एक पडले असतील तर काडीने हळूच वेगळे करा, पानाचा कचरा बाजूला काढा. पतंग चोळू नका, पंखांवरची पूड गेली की तो माणसालाही ओळखू येत नाही. फोन सरळ वर धरा, तिरका नको. आणि फोटोआधी कॅमेऱ्याची काच पदराने पुसा. पिठाचा हात लागलेल्या फोनचे किती फोटो धुरकट येतात ते आपल्यालाच माहीत! मोजून झालं की पिशवी पूर्ण रिकामी करायची, नाहीतर कालचे पतंग आज पुन्हा मोजले जातात आणि आठाचे सोळा होतात. ल्यूर तीन-चार आठवड्यांनी बदला. जुन्या ल्यूरचा वास उडालेला असतो, मग पतंग येत नाहीत आणि फोन प्रामाणिकपणे शून्य सांगतो.

हे शून्य सगळ्यात फसवं. फोन कागदावर जे आहे तेवढंच मोजतो. सापळा वाऱ्याने पडला होता, पावसात पिशवी भिजली होती, ल्यूर संपली होती, यातलं त्याला काहीच माहीत नसतं. शिवाय पतंग म्हणजे अळी नव्हे. म्हणून आकडा काहीही आला तरी आठवड्यातून एकदा एकरात वेगवेगळ्या ठिकाणची २० हिरवी बोंडं तोडून, फोडून बघायची. २० पैकी २ बोंडांत अळी दिसली, म्हणजे १० टक्के, तर सापळा काहीही म्हणो, कृषी सहायकांशी बोलायची वेळ आली. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबासारखी बंद राहिलेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, दिसल्या तर तोडून अळीसकट नष्ट करायच्या. हे काम निंदताना, गवत काढताना आपल्या हातांनी होतं आणि त्याला फोन लागत नाही.

आपल्या भागात हंगामपूर्व कपाशी मे महिन्यातच लावतात, त्यामुळे अळीला लवकर खायला मिळतं आणि तिच्या पिढ्या वाढतात. शेवटी फरदड ठेवली की तिचा पुढच्या वर्षाचाही मुक्काम पक्का. यावर ॲपमध्ये बटण नाही. घरात बोलावं लागतं, आणि ते बोलणं फोटो काढण्यापेक्षा अवघड आहे हे मला माहीत आहे.

पतंगाऐवजी आपला चेहरा

याच तऱ्हेचं यंत्र आता आपल्याकडेही बघतं. गरोदर आणि स्तनदा मातांना, लहान मुलांना अंगणवाडीतून जो घरपोच आहार मिळतो, त्यासाठी पोषण ट्रॅकरवर चेहरा जुळवणं १ जुलै २०२५ पासून सक्तीचं झालं आहे. इथे यंत्राला एकच प्रश्न असतो: समोरचा चेहरा आणि नोंदवलेला चेहरा एकच आहे का? उत्तर पुन्हा टक्क्यांतलंच, पुन्हा चाळणीचंच. बाळंतपणानंतर चेहरा उतरलेला, नोंदीचा फोटो जुना, खोलीत अंधार, डोक्यावरून पदर पुढे आलेला, रेंज नाही. यातल्या कशानेही 'जुळत नाही' येऊ शकतं.

यंत्र ज्यांचे फोटो बघून शिकलं त्यांच्यासारख्यांना ते चांगलं ओळखतं. अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक बायांनी २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांची चेहरा वाचणारी यंत्रं तपासली. काम सोपं होतं, फोटोत बाई आहे की पुरुष एवढंच सांगायचं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक १ टक्क्याहूनही कमी निघाली. सावळ्या-काळ्या बायांच्या बाबतीत एका यंत्राची चूक जवळपास ३५ टक्के होती. शिकवताना वापरलेल्या फोटोंमध्ये आपल्यासारखे चेहरेच कमी होते.

पतंग चुकला तर उद्या पुन्हा मोजता येतो. चेहरा चुकला तर आजचं पाकीट जातं. म्हणून हे लक्षात ठेवा: सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांचा हा आहार २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे, यंत्राची मेहेरबानी नाही. चेहरा जुळला नाही तर पुन्हा उजेडात प्रयत्न करा, नोंदीचा फोटो बदलून मागा. तरीही जमत नसेल तर तारीख घालून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. याच कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याची तरतूद आहे. अंगणवाडी ताईंशी भांडू नका. यंत्र त्यांचं नाही, त्यांचा वेळही त्यात जातोच.

लोक काय लिहितात, तेही यंत्र बघतं

आता फोटोवरून शब्दांकडे येते, कारण तिथेही मोजणीच चालते. फेसबुकवर, यूट्यूबखाली, एक्सवर लोक सगळ्यांना दिसेल असं लिहितात. ते यंत्रालाही वाचता येतं. जपानमध्ये टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये यावर एक नामी प्रयोग केला. भूकंप झाला की माणसं आधी फोनवर 'हललं!' असं लिहितात. मग प्रत्येक लिहिणारा माणूस म्हणजे एक भूकंपमापक असं धरलं तर? एकाच भागातून थोड्या वेळात असे बरेच संदेश आले की भूकंप झाला असं यंत्राने ताडायचं. जरा मोठे, म्हणजे जपानी मापावर तीव्रता ३ आणि वरचे जे भूकंप होते, त्यांपैकी ९६ टक्के यंत्राने ओळखले. त्यांनाही चाळणी लावावी लागली, कारण 'मी भूकंपावरच्या परिषदेला आलोय' असं लिहिणाराही तोच शब्द वापरतो.

भूकंपात हे चालतं, कारण जमीन खरंच हललेली असते आणि प्रत्येकाने ती स्वतः अनुभवलेली असते. पण शंभर जणांनी एकाच माणसाचं ऐकून पुढे ढकललं असेल तर? मोजणाऱ्या यंत्राला शंभरच दिसतात. आपल्यालाही शंभरच दिसतात. सहा ग्रुपवर एकच निरोप आला की आपण म्हणतो, "सगळीकडे आलंय, म्हणजे खरंच असणार."

याची किंमत आपल्या खान्देशाने मोजली आहे. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातली, भिक्षा मागत तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे निरोप तेव्हा मोबाइलवर फिरत होते. कुणाला तरी संशय आला, गर्दी जमली, आणि त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. पाचांनी कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं.

त्या महिन्यांत देशभर फिरणाऱ्या निरोपांमध्ये एक व्हिडिओ होता. मोटारसायकलवर दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. तो व्हिडिओ भारतातला नव्हताच. पाकिस्तानातल्या कराचीत, मुलांना सांभाळा हे सांगण्यासाठी एका संस्थेने बनवलेली ती फिल्म होती. शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात. तेवढाच शेवट कुणीतरी कापला होता. ज्या आईने तो पाहिला तिला तो खराच वाटणार. मलाही वाटला असता.

यंत्राला हे पकडता आलं असतं का? काही अंशी. जुनं चित्र ओळखण्याची रीत अशी: प्रत्येक चित्राचा आकड्यांत एक ठसा काढायचा, अंगठ्याच्या ठशासारखा. नवीन चित्र आलं की त्याचा ठसा साठवलेल्या ठशांशी जुळवायचा. चित्र थोडं कापलं, रंग बदलला तरी ठसा बराचसा जुळतो. मग कळतं, हे चित्र कालचं नाही, अमुक वर्षी अमुक देशात आलेलं आहे. पण हे चालतं जिथे यंत्राला चित्र दिसतं तिथे. व्हॉट्सॲपवरचा निरोप पाठवणारा आणि घेणारा यांच्यात कुलूपबंद असतो, मधे कंपनीलाही तो वाचता येत नाही. ते कुलूप आपल्या भल्याचंच आहे, आपल्या घरच्या गोष्टी त्यातच असतात. मात्र त्यामुळे आपल्या ग्रुपवर काय फिरतंय हे बाहेरचं कुठलंही यंत्र बघत नाही.

मग कंपनीने दुसरी युक्ती केली. निरोपात काय आहे ते न बघता तो किती हात फिरला तेवढंच मोजायचं. निरोप पुढे ढकलला की त्याला चिकटलेला एक मोजणीचा आकडा वाढतो. जुलै २०१८ मध्येच 'फॉरवर्डेड' असं लिहिलेलं दिसू लागलं आणि भारतात एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपना ढकलता येईल अशी मर्यादा आली. पुढे, पाच किंवा जास्त हात फिरलेल्या निरोपावर दोन बाण दिसू लागले, आणि एप्रिल २०२० पासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी ढकलता येतो. त्यानंतर असे फार फिरलेले निरोप सुमारे ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनी सांगते.

दोन बाण म्हणजे निरोप खोटा असं नाही. लसीकरणाच्या तारखेवरही दोन बाण असू शकतात. ते बाण म्हणजे सापळ्यातला आकडा समजा. पाठवणाऱ्या ताईंनी हे स्वतः पाहिलेलं नाही, त्यांच्याआधी हा बऱ्याच हातांतून आला आहे, एवढंच तो सांगतो. आणि कुणी निरोप कॉपी करून नव्याने टाकला तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, बाण दिसतच नाहीत. इथेही शून्य फसवं.

इथेही बोंड फोडून बघता येतं. फोटो असेल तर तो फोनमध्ये उतरवून गूगल लेन्समध्ये उघडा, तोच फोटो आधी कुठे कुठे आला आहे ते दिसतं. व्हिडिओ असेल तर मधेच थांबवून स्क्रीनचा फोटो घ्या आणि तो लेन्समध्ये टाका. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत, गाडीचा नंबर कुठला आहे, माणसं कोणत्या भाषेत बोलताहेत, हेही बघा. नुसता आवाज असेल, 'आपल्या तालुक्यात टोळी उतरली आहे' असं सांगणारा, तर लेन्सचा उपयोग नाही. मग पाठवणाऱ्या ताईंनाच विचारायचं: कोणतं गाव, कोणती तारीख, तुम्हाला कुणी पाठवलं? मी गेल्या वर्षी एकदा असं विचारत मागे मागे गेले. चौथ्या बाईपाशी उत्तर आलं, "मले बी ग्रुपवरच आलं." तिच्या पलीकडे वाट नव्हती.

गावात अनोळखी माणूस दिसला आणि खरंच शंका आली तर पोलीस पाटलांना सांगा किंवा ११२ ला फोन लावा. मूल संकटात आहे असं वाटलं तर १०९८ आहे. दोन्ही नंबर रात्रीही लागतात आणि पैसे पडत नाहीत. हे दोन नंबर समूहाच्या इतिवृत्त वहीच्या पहिल्या पानावर, अध्यक्ष-सचिवांच्या नंबरांखाली लिहून ठेवा. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर सापळ्यांसाठी रकाने आखा: तारीख, सापळा क्रमांक, फोनने मोजलेले पतंग, हाताने मोजलेले पतंग, फोडलेल्या २० बोंडांत किती अळ्या. हाताचा आणि फोनचा आकडा पहिले दोन आठवडे शेजारी शेजारी लिहा. फार फरक येत असेल तर पुढच्या प्रभागसंघ बैठकीला वही आणि तो फोटो दोन्ही घेऊन या, कृषी सखीसोबत बसून बघू.